पासवर्ड कुणाच्या हवाली करायचे

गेल्या दिवाळीच्या सुमारास आईच्या बँकेच्या संकेतस्थळाचा पत्ता बदलला. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर जायला सांगितले होते, त्यातलाच हा बदल. आईच्या लॅपटॉपवर ब्राउझरने जतन केलेला पासवर्ड एरवी आपोआप रकान्यात येऊन बसत असे. त्या दिवशी रकाने रिकामेच राहिले. आईने थोडा वेळ वाट पाहिली, ‘‘याला आता माझी ओळख पटेनाशी झाली,’’ असे ती म्हणाली, आणि एलआयसीच्या एजंटाने कधीतरी दिलेली डायरी कपाटातून काढून तिने एकेक अक्षर निरखत पासवर्ड टाइप केला. खाते उघडले, व्याज जमा झाल्याचे तिने पाहिले, डायरी मिटली आणि तिच्यापुरता विषय संपला. माझ्या मनातून मात्र तो जाईना. पत्ता खरा होता म्हणून सगळे सुरळीत पार पडले. तो खोटा असता, तरीही डायरीने तोच पासवर्ड तितक्याच निमूटपणे दिला असता. ब्राउझर गप्प राहिला, कारण त्याने तो पासवर्ड जुन्या पत्त्याशी बांधून ठेवला होता आणि नवा पत्ता त्याच्या ओळखीचा नव्हता. आईला जी गैरसोय वाटली, तीच खरे तर त्या व्यवस्थेची सगळ्यात मोठी खुबी होती.

माणसाचे डोळे पत्ता वाचत नाहीत, चेहरा वाचतात. बँकेचा निळा-लाल रंग, ओळखीचे बोधचिन्ह, वर सरकणारी ‘आपला पिन कुणालाही सांगू नका’ ही पट्टी दिसली, की आपण घरात शिरल्यासारखे निर्धास्त होतो, आणि नेमका हा चेहराच हुबेहूब उतरवणे फसवणूक करणाऱ्यांना सगळ्यात सोपे असते. नवा ‘डॉट बँक डॉट इन’ पत्ता फक्त बँकांनाच मिळतो आणि तो देण्याचे काम हैदराबादच्या ‘आयडीआरबीटी’ या संस्थेकडे आहे. त्यामुळे यापुढे पत्त्याचे शेपूट पाहिले तरी पुष्कळ कळेल. पण सत्तरी ओलांडलेल्या, वाचायच्या चष्म्यातून पडद्याच्या मधोमध पाहणाऱ्या बाईने दर वेळी वरच्या कोपऱ्यातले बारीक शेपूट तपासावे, या अपेक्षेवर कुणाच्या आयुष्याची पुंजी टांगून ठेवणे मला पटेना. हे काम न कंटाळता करणारे काहीतरी हवे होते, आणि म्हणून, इतकी वर्षे ज्या विषयाला मी ‘बघू कधीतरी’ म्हणून बाजूला सारत होते, त्या पासवर्ड मॅनेजरच्या, म्हणजे सगळे पासवर्ड एका ठिकाणी सांभाळून योग्य पत्त्यावर भरणाऱ्या साधनाच्या, शोधाला मी लागले.

सुरुवात त्या डायरीपासूनच करावी लागली. पहिली काही पाने बाबांच्या तिरप्या, घाईच्या अक्षरातली, पुढची आईच्या पाटीवर गिरवून दिल्यासारख्या शिक्षिकेच्या अक्षरातली. काही नोंदी पेन्सिलीच्या, तळहाताने घासून राखाडी झालेल्या. काही लाल शाईने खोडून शेजारी नव्या लिहिलेल्या, कारण वीजबिलाच्या किंवा प्राप्तिकराच्या संकेतस्थळाने मध्येच कधीतरी पासवर्ड बदलायला भाग पाडले होते. बदल म्हणजे काय, तर शेवटच्या १ चा २ झालेला. माझ्या, भावाच्या आणि नातवंडांच्या नावांपुढे जन्मसाल आणि मध्ये तो ‘ॲट’चा वेटोळा, असे बहुतेक पासवर्डांचे रूप होते. वाचताना हसू येत होते आणि थोडे भरूनही येत होते, कारण ती यादी म्हणजे एका संसाराची वंशावळच होती. यात आईबाबांना दोष देण्यात अर्थ नाही. आपल्याकडच्या मोठमोठ्या संस्थांनीच हा धडा गिरवून घेतला आहे. ई-आधारची पीडीएफ उघडायची तर नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मसाल, ई-पॅनची उघडायची तर जन्मतारीख. पासवर्ड म्हणजे आपले नाव आणि आपली तारीख, ही समजूत सरकारी कागदांतूनच घरोघरी पोचली, आणि मग कुणी तीच युक्ती बँकेसाठी वापरली तर नवल ते काय?

मोठे अक्षर, लहान अक्षर, आकडा, चिन्ह आणि ठरावीक मुदतीने सक्तीचा बदल, ही कवायतही अशीच वरून खाली आली. अमेरिकेतल्या ‘निस्ट’ या मानके ठरवणाऱ्या संस्थेसाठी बिल बर यांनी २००३ मध्ये पासवर्डांच्या मार्गदर्शिकेतला हा भाग लिहिला, जगभरच्या कार्यालयांनी तो वेदवाक्य मानला, आणि निवृत्तीनंतर बर यांनी २०१७ मध्ये त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आपल्याला पश्चात्ताप होतो, असे जाहीरपणे सांगितले. त्याच वर्षी निस्टने आपली भूमिका बदलली: सक्तीचा मुदतबंद बदल नको, चिन्हांची सर्कस नको, लांबी महत्त्वाची. आपल्याकडची कित्येक संकेतस्थळे मात्र अजून २००३ मध्येच नांदत आहेत.

खरा धोका १ चा २ करण्यात नव्हताच, तो एकच पासवर्ड अनेक ठिकाणी वापरण्यात होता. २०१७ मध्ये झोमॅटोच्या सुमारे १ कोटी ७० लाख वापरकर्त्यांची माहिती चोरीला गेली, तेव्हा बातमी वाचून ‘माझ्या जेवणाच्या ऑर्डरींत कुणाला काय रस’ असे म्हणणारे पुष्कळ भेटले. चोराला ऑर्डरींत रस नसतो. एके ठिकाणी सापडलेली ई-मेल आणि पासवर्डची जोडी तो शेकडो ठिकाणी लावून पाहतो, आणि हे काम माणूस करत नाही, यंत्र करते. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाने २०१३ मध्ये ‘हॅव आय बीन पोन्ड’ हे संकेतस्थळ सुरू केले, तिथे आपला ई-मेल घालून पाहिला की तो कोणकोणत्या चोऱ्यांमध्ये सापडला आहे ते कळते. माझे जुने खाते तिथे तपासले, तेव्हा मी केव्हाच विसरून गेलेल्या एका सेवेचे नाव समोर आले. मी तिला विसरले होते, तिने मला जपून ठेवले होते.

‘‘पण ओटीपी येतोच की, मग एवढी काळजी कशाला?’’ हा आईचा प्रश्न वाजवी होता.

पैशाच्या व्यवहारांपुरता तो आधार आपल्याकडे खरोखरच मोठा आहे. कार्डाने ऑनलाइन पैसे भरताना दुसरी खातरजमा रिझर्व्ह बँकेने २००९ पासूनच बंधनकारक केली, आणि त्यामुळे आपण पाश्चात्त्य देशांतल्या ग्राहकांपेक्षा काही बाबतींत सुरक्षित राहिलो. परंतु खोट्या पानावर पासवर्ड टाकणारा माणूस पुढच्याच क्षणी आलेला ओटीपीही त्याच पानावर टाकतो, आणि पलीकडे बसलेला तो लगेच खऱ्या बँकेत भरतो. शिवाय ई-मेलचे काय? ‘पासवर्ड विसरलात का?’ या दुव्यावर टिचकी मारली की जवळजवळ प्रत्येक संकेतस्थळ शेवटी ई-मेलचेच दार ठोठावते. बँकेच्या पासवर्डाची काळजी घेणाऱ्या आमच्या घरात ई-मेलचा पासवर्ड सगळ्यात साधा होता, कारण त्यात ‘पैसे थोडेच आहेत’.

शोध सुरू केल्यावर पहिली अडचण विश्वासाची आली, आणि तिला एक नाव होते: लास्टपास. एके काळी पासवर्ड मॅनेजर कोणता घ्यावा असे परिचितांपैकी ज्याला विचारावे, तो हेच नाव सांगत असे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या यंत्रणेत कुणीतरी शिरले, आणि वर्ष सरता सरता कंपनीला मान्य करावे लागले की ग्राहकांच्या व्हॉल्टच्या, म्हणजे पासवर्ड साठवलेल्या फायलींच्या, प्रती चोरांच्या हाती गेल्या आहेत. एका वरिष्ठ अभियंत्याच्या घरच्या संगणकात, तिथल्या एका जुन्या सॉफ्टवेअरमधल्या भोकातून शिरून, त्याने टाइप केलेला मास्टर पासवर्ड, म्हणजे सगळा व्हॉल्ट उघडणारा एकच पासवर्ड, टिपला गेला होता. फायलींतले पासवर्ड सांकेतिक रूपात होते हे खरे, पण संकेतस्थळांचे पत्ते उघडे होते; म्हणजे कुणाचे खाते कुठे आहे, हे चोराला किल्ली न फिरवताच कळत होते. मास्टर पासवर्डावर जी गणिती प्रक्रिया पुन्हा पुन्हा करून तो फोडणे महाग केले जाते, तिच्या फेऱ्या नव्या खात्यांसाठी १,००,१०० होत्या, पण काही जुन्या खात्यांवर त्या ५,००० किंवा त्याहूनही कमी राहून गेल्या होत्या. सगळ्यात जुने, सगळ्यात निष्ठावान ग्राहकच सगळ्यात उघडे पडावेत, यात एक क्रूर विनोद आहे. हे सारे वाचून डायरीच बरी, असे मला काही दिवस प्रामाणिकपणे वाटत होते. साताऱ्यातल्या कपाटापर्यंत पोचायला चोराला निदान एसटी तरी पकडावी लागेल.

आणि डायरीचा कैवार घेणारे जाणकारही आहेत. ब्रूस श्नायर हे या क्षेत्रातले मोठे नाव. ‘पासवर्ड सेफ’ हा सुरुवातीच्या पासवर्ड मॅनेजरांपैकी एक त्यांनीच १९९७ मध्ये तयार केला. त्याच श्नायर यांनी २००५ मध्ये लोकांना सांगितले होते की लक्षात न राहणारे कठीण पासवर्ड खुशाल कागदावर लिहा आणि तो कागद पाकिटात ठेवा, कारण पाकीट सांभाळण्याची सवय माणसाला आहेच. मला हे पटते. घरात शिरून डायरी चोरणाऱ्या चोरापेक्षा दूर देशात बसून लाखो खाती चाळणारा चोर कितीतरी अधिक संभवनीय आहे. डायरीचा दोष तिच्या उघडेपणात नाही. तिला पत्ता ओळखता येत नाही आणि तिच्यातून वीस अक्षरांचा अर्थहीन पासवर्ड रोज बघून टाइप करण्याइतका कुणाचा उत्साह टिकत नाही, म्हणून तिच्यात नातवंडांची नावे येतात.

लास्टपासच्या प्रकरणातून मी एवढेच घेतले की कंपनीच्या यंत्रणेत चोर शिरेल हे गृहीत धरूनच निवड करायची, आणि त्यानंतर आपले काय उरते ते पाहायचे. या कसोटीवर पर्याय भराभर वेगळे झाले. ‘कीपास’ हा २००३ पासूनचा, डॉमिनिक राइखल यांनी घडवलेला मुक्त स्रोत प्रकल्प. त्यात कंपनीच नाही, एक सांकेतिक फाइल आपल्याच संगणकावर राहते आणि ती फोनवर नेणे, तिची प्रत ठेवणे ही सगळी जबाबदारी आपली. तत्त्व म्हणून मला तो सर्वांत आवडला, आणि व्यवहारात तो माझ्या आईला देणे म्हणजे तिला एकटीला घाटात गाडी हाकायला लावणे झाले असते. ‘वनपासवर्ड’ ही कॅनडातली कंपनी मास्टर पासवर्डाच्या जोडीला एक लांबलचक गुप्त किल्ली आपल्या उपकरणावरच तयार करते. ती कंपनीकडे नसतेच, त्यामुळे त्यांच्या सर्व्हरवरून फाइल चोरली तरी निव्वळ मास्टर पासवर्ड ओळखून ती उघडत नाही. मांडणी देखणी आहे, पण फुकट योजना नाही, आणि दर वर्षी परकीय चलनात वर्गणी भरण्याची गोष्ट आमच्या घरात टिकली नसती. ‘बिटवॉर्डन’चा कोड खुला आहे, कुणीही तपासू शकतो, बाहेरच्या संस्थांकडून तो तपासून घेतला जातो, आणि फुकट योजनेतही पासवर्डांच्या वा उपकरणांच्या संख्येवर मर्यादा नाही. २०२३ मध्ये त्यांनी नव्या खात्यांसाठी त्या गणिती फेऱ्या ६,००,००० वर नेल्या. दुसऱ्याला लागलेल्या ठेचेतून हे शहाणपण आले असणार, पण आले हे महत्त्वाचे. मी स्वतःसाठी तो निवडला.

आईसाठीही तोच निवडायचा, असे मी गृहीत धरून चालले होते. तिचे म्हणणे वेगळे होते. तिच्या अँड्रॉइड फोनमध्ये गूगलचा पासवर्ड मॅनेजर आधीच होता, तो बोटाच्या ठशाने उघडत होता, आणि त्यासाठी नवे काही शिकायचे नव्हते. मी थोडा वाद घातला आणि मग थांबले, कारण पत्ता तपासण्याचे जे काम मला हवे होते, ते तोही करतो, आणि न वापरलेल्या उत्तम साधनापेक्षा वापरले जाणारे बरे साधन केव्हाही श्रेयस्कर. आयफोन वापरणाऱ्या माझ्या भावाला २०२४ पासून ॲपलचे ‘पासवर्ड्‌स’ हे स्वतंत्र ॲपच मिळाले आहे, तोही त्यावर समाधानी आहे. माझा आक्षेप एकाच जागी अडला. अशा अंगभूत मॅनेजरात पासवर्ड आणि बघणारा यांच्यामध्ये बहुतेक वेळा फोनचा पिनच काय तो उभा असतो, आणि आपल्या घरांत फोनचा पिन ही सार्वजनिक मालमत्ता असते. नातवंडांना तो गेम खेळण्यासाठी माहीत असतो, शेजारच्या काकूंना व्हॉट्सॲपवर आलेला फोटो मोठा करून देण्यासाठी, आणि मोबाइलच्या दुकानातला मुलगा तर तो चक्क मागतोच. ‘‘पिन काय आहे हो काकू?’’ या प्रश्नाला आजवर कुणी नकार दिल्याचे मी पाहिलेले नाही. मॅनेजर कोणता, यापेक्षा फोनचा पिन बदलून तो कुणालाही न सांगणे हीच आईच्या बाबतीत मोठी सुधारणा होती, आणि तिलाच सगळ्यात अधिक विरोध झाला. पिन न सांगणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे तिला वाटत होते.

माझ्या बाजूला मास्टर पासवर्डाचा पेच होता. तो एकच लक्षात ठेवायचा, तो कुठेही दुसरीकडे वापरायचा नाही, आणि विसरला तर कंपनीही काही करू शकत नाही, कारण तो त्यांना ठाऊकच नसतो. अर्नॉल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये ‘डाइसवेअर’ नावाची पद्धत सुचवली होती: एक फासा पाच वेळा टाकायचा, येणाऱ्या पाच आकड्यांनी ७,७७६ शब्दांच्या यादीतला एक शब्द निवडायचा, आणि असे पाच-सहा शब्द ओळीने जोडायचे. पाच शब्दांच्याच शक्यता २८ वर १८ शून्ये मांडण्याइतक्या होतात. यात निवड फाशाने करायची, आपण करायची नाही, ही मेख आहे. पाठ असलेला श्लोक किंवा अभंगाची ओळ घेतली की आपल्याला सोपी वाटणारी गोष्ट दुसऱ्यालाही सोपी होते. इंग्रजी शब्दांची यादी तयार मिळते, पण मला मराठी शब्द हवे होते, म्हणून मी घरातला जुना शब्दकोश आणि ल्यूडोचा फासा घेऊन बसले. शब्द मोठे मजेशीर आले. मात्र ते रोमन अक्षरांत लिहायचे म्हटल्यावर नवाच घोळ झाला, कारण ‘वांगी’ एका ‘ए’ने लिहायची की दोन, ‘छ’साठी किती अक्षरे घालायची, आणि शेवटची वेलांटी ऱ्हस्व मानायची की दीर्घ, याला रोमन लिपीत आपला काही नियमच नाही. आज एक आणि सहा महिन्यांनी दुसरे, असे हमखास होणार. शेवटी ज्यांच्या रोमन लेखनाबद्दल हाताला शंका येत नाही असेच शब्द फाशाने येईपर्यंत टाकत राहिले. गणिताच्या दृष्टीने यादी थोडी आखडली, म्हणून एक शब्द वाढवून घेतला.

हे सगळे चालू असताना मनात वारंवार बाबांचे अक्षर येत होते. ते गेले तेव्हा त्यांच्या खात्यांची, विम्याची, दूरध्वनी बिलांची लावालाव आम्हाला करता आली, ती केवळ त्या डायरीमुळे. कोणत्याही सल्लागाराने तिला सुरक्षित म्हटले नसते. ती नसती तर आम्ही कितीतरी महिने अर्ज लिहीत बसलो असतो. चोरापासून लपवणे आणि आपल्या माणसांना सापडणे, या दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध ओढतात, आणि मॅनेजरांच्या तुलनात्मक तक्त्यांत दुसरीला बहुधा शेवटची ओळ मिळते. बँकेच्या ठेवींना १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते. पासवर्डाला वारस नेमण्याची सोय प्रत्येक कंपनीच्या मर्जीवर आहे. गूगलमध्ये आपण ठरवलेल्या काळापर्यंत खाते निष्क्रिय राहिले तर विश्वासातल्या व्यक्तीला निवडक माहिती पोचवण्याची व्यवस्था आहे, ॲपलमध्ये वारसा-संपर्क नेमता येतो, पण जतन केलेले पासवर्ड त्याच्या हाती पडत नाहीत. बिटवॉर्डनच्या सशुल्क योजनेत तातडीच्या प्रवेशाची तरतूद आहे: आपण नेमलेली व्यक्ती विनंती करते, आपण आधी ठरवून दिलेला काळ जातो, आणि त्या मुदतीत आपण नकार दिला नाही, तर तिला व्हॉल्ट पाहता येतो. बँकेच्या लॉकरला जशा बँकेची आणि ग्राहकाची अशा दोन किल्ल्या लागतात, तशी इथे एक किल्ली माणसाची आणि दुसरी काळाची. वर्गणी न भरण्याचा माझा सगळा निश्चय या एका तरतुदीपुढे गळून पडला. नवऱ्याचे नाव घातले. मुदत किती ठेवायची यावर जेवणाच्या टेबलावर जी चर्चा झाली, ती मृत्युपत्राच्या चर्चेहून फारशी वेगळी नव्हती, फक्त मध्ये आमटी होती.

आईने मात्र माझी मुदतीची कल्पना ऐकून घेतली आणि स्वतःच्या पद्धतीने सोडवली. फोनचा नवा पिन आणि ई-मेलचा नवा पासवर्ड तिने एका कागदावर लिहिला, लिफाफ्यात घालून डिंकाने चिकटवला आणि मुदत ठेवीच्या पावत्यांच्या पिशवीत ठेवला. लिफाफ्यावर माझे आणि भावाचे, दोघांचीही नावे आहेत. मी पासवर्ड विचारला, तर म्हणाली, ‘‘तो आत लिहिलाय. वेळ आली की फोडा.’’ त्यानंतर काही दिवसांनी नातवाने गेमसाठी फोन मागितला, तेव्हा तिने स्वतः उघडून त्याच्या हातात दिला आणि पिन सांगितला नाही. आयुष्यभर जिचा पगार, जिची पत्रे आणि जिचे कपाट सगळ्यांना उघडे होते, त्या बाईच्या चेहऱ्यावर तेव्हा किंचित लबाड समाधान होते, आणि मला ते पाहून आनंदही झाला आणि जराशी बाहेर राहिल्यासारखी रुखरुखही लागली.

आता उरले आहे ते हमालीचे काम. एकेका खात्यात जाऊन जुना पासवर्ड काढून नवा, मॅनेजरने बनवलेला घालायचा. इथे सगळ्यात जास्त मनस्ताप संकेतस्थळेच देतात. कुणाला सोळाहून जास्त अक्षरे चालत नाहीत, कुणाला अमुक चिन्ह वर्ज्य आहे, आणि कुणी सुरक्षिततेच्या नावाखाली रकान्यात पासवर्ड चिकटवूच देत नाही. चिकटवण्याची मुभा द्यावी, असे निस्ट २०१७ पासून सांगत आहे, कारण ती नसली की माणूस हाताने टाइप करण्याजोगा, म्हणजे छोटा आणि सोपा, पासवर्ड ठेवतो. काही संकेतस्थळे आता पासवर्डच नको, ‘पासकी’, म्हणजे बोटाच्या ठशाने किंवा पिनने वापरायची डिजिटल किल्ली, घ्या म्हणतात. तीही पत्त्याशीच बांधलेली असते, त्यामुळे तत्त्वतः मी तिच्या बाजूची आहे, पण एका वेळी घरात एकच क्रांती पुरे. ई-मेल, प्राप्तिकर आणि भविष्य निर्वाह निधी एवढी खाती मार्गी लागली आहेत. आईच्या बँकेचा पासवर्ड मात्र अजून जुनाच आहे. एक ठेव मार्चमध्ये मुदत पूर्ण करते, तिचे नूतनीकरण नीट होऊ दे, मग काय ते बदलू, असे तिने बजावले आहे, आणि या बाबतीत तिच्याशी वाद घालण्याची माझी हिंमत नाही.